ओटिलियाच्या वाट्याच्या ओळी

पुस्तक त्यांनी स्टेशनवरच काढून घेतलं.
शिपायानं ते उलटं धरून झटकलं,
आत नोटा असतील म्हणून.
पडलं एक सफरचंदाचं पान,
व्होल्गाकाठच्या आमच्या झाडाचं.

करगंडाच्या पहिल्या हिवाळ्यात
बायकांनी आठवणींची वाटणी केली
पिठाची करतात तशी, मुठीनं.
रेगिनाकडे डोंगरावरचं प्रवचन, तेही अर्धं.
क्रिस्टीनाकडे स्तोत्रं, कारण गळा तिचाच होता.
आणि लूकचं शेवटचं पान
एकटीला पेलेना, म्हणून तिघींनी तोडून घेतलं:
माझ्या आईकडे रस्ता,
उतरल्या चेहऱ्याचे ते दोघे
आणि सोबत चालणारा अनोळखी;
ओटिलियाकडे संध्याकाळ आणि जेवण;
मालविनाकडे रातोरात धावत परत जाणं.

ओटिलिया दुसऱ्या फेब्रुवारीत गेली.
जमीन लोखंडासारखी. तीन दिवस ती
लाकडाच्या ढिगामागे बर्फाखाली पडून होती,
कुदळी मोकळ्या होईपर्यंत.
आपल्या ओळी कुणाला शिकवायच्या राहूनच गेल्या.
खाणीवरून परतली की खोकत म्हणायची,
उद्या.

तसं थोडं थोडं सगळ्यांनाच आठवत होतं,
पण प्रत्येकीचं वेगळं.
मालविना म्हणाली, देवाच्या तोंडी
अंदाजाचे शब्द घालण्यापेक्षा
गप्प बसलेलं बरं.

मग तसंच चालू झालं.
खिडकीला घोंगडी, दिव्याची वात खाली.
आई त्या तिघांना गावाच्या वेशीपर्यंत आणायची,
अंधार पडायला लागला, इथवर,
आणि थांबायची.
ओटिलियाला लागला असता तेवढा वेळ
कुणी बोलायचं नाही.
बाहेर वारा. आत कुणाच्या तरी पोटाचा आवाज.
त्या वेळात आई पदरच्या रेशनची काळी भाकर मोडायची,
तुकडा हातोहात फिरायचा.
मग मालविना: आणि ते त्याच घटकेला उठले...

मी पाच-सहा वर्षांचा.
मला वाटायचं शास्त्र असंच असतं,
मधे एक भोक असतं
आणि त्यातून भाकर येते.

श्रमछावणीतून बापाची बातमी आली,
दीड ओळीची, शिक्का मारलेली.
त्या रात्री आई रस्त्यातच थांबली,
वेशीच्या खूप अलीकडे.
म्हणाली, मला तो अजून अनोळखीच वाटतो.
तिला कुणीही समजावलं नाही.
कुणी वचन सांगितलं नाही.
मालविनानं भाकर मोडून तिच्या हातात दिली.
आईनं खाल्ली नाही, फेकलीही नाही.
मूठ मिटली आणि तशीच भिंतीकडे वळून झोपली.
सकाळी तुकड्याचा दगड झाला होता,
तळहातात त्याचा खड्डा उमटला होता.
तो दगड तिनं पाण्यात भिजवून मला दिला
आणि स्वतः कोमेंडांटच्या वहीत सही करायला गेली.

पुढच्या रविवारी ती वेशीपर्यंत पोचली.
कशी, ते मी विचारलं नाही.
नंतर विचारायला ती उरली नाही.

छापलेलं पुस्तक माझ्या चाळिशीत आलं,
कुणाच्या तरी सुटकेसच्या अस्तरातून.
आधी तेच पान काढलं.
बोट थरथरत होतं, म्हणून दुसऱ्या हातानं धरलं.
जेवायला बसणं होतं. भाकर मोडणं होतं.
डोळे उघडणं, ओळख पटणं होतं.
आणि पटली त्याच क्षणी
तो तिथं नव्हता.

पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं.
आमचं भोक बरोबर त्या जागी होतं.

आता डेटमोल्डला असतो. चर्चमध्ये हीटर आहे,
पास्टर तरुण आहेत, स्वच्छ वाचतात,
वेशीपासून थेट जेवणावर येतात, न थांबता.
मी मागे राहतो.
बायको कोपरानं ढोसते, पान उलटा.
पण माझ्या बाकावर तेवढ्यात
कुणीतरी अंग चोरून येऊन बसलेलं असतं,
कोळशाचा वास येतो,
खोकते,
म्हणते, उद्या.